भिंतीतला बल्ब

आमच्या घरातला पहिला बल्ब कोणत्याही खोलीत लागला नाही, तो भिंतीत लागला. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या मातीच्या भिंतीला, पुरुषभर उंचीवर, आजोबांनी गवंड्याकडून वीतभर लांबरुंद आरपार भोक पाडून घेतले आणि वायरमनने त्या भोकात होल्डर टांगून चाळीसचा बल्ब लावला. बल्ब एक, खोल्या दोन. साल १९७६, आणि मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. वायरिंगचे पैसे पॉइंटमागे मोजायचे असल्याने आजोबांनी सगळ्या घरात मिळून तीनच पॉइंट घ्यायचे ठरवले होते : एक ओटीवर, एक देवघरात आणि तिसरा हा भिंतीतला. आजीला हा हिशेब पटला नव्हता. "ओटीवर दिवा कशाला हवा? तिथे नुसत्या गप्पा मारायच्या असतात, त्या काय अंधारात ऐकू येत नाहीत?" असे ती वायरमनच्या देखत म्हणाली होती. वायरमन हसला, आजोबांनी ऐकले नाही असे दाखवले, आणि ओटीवरचा दिवा ओटीवरच लागला.

त्या भिंतीतल्या बल्बकडे मी जितका वेळ पाहिला असेन तितका वेळ नंतर कोणत्याही दिव्याकडे पाहिलेला नाही. स्वयंपाकघरात दिवसातून दोनदा चूल पेटायची, पावसाळ्यात ओली लाकडे धुमसायची आणि तो धूर कौलांच्या फटींतून निघून जाण्याआधी भिंतीतल्या भोकात शिरायचा. महिन्याभरात बल्बची स्वयंपाकघराकडची बाजू काजळून काढ्याच्या रंगाची झाली, माजघराकडची मात्र स्वच्छ राहिली. एकाच तारेतून येणारी तीच वीज माजघरात उजेड देत होती आणि स्वयंपाकघरात उजेडाचा गाळ. मग दर शनिवारी आजी स्टुलावर चढून, जुन्या धोतराच्या फडक्याला राख लावून तो बल्ब पुसू लागली, जशी ती तोवर रोज संध्याकाळी कंदिलाची काच पुसत आली होती. वीज आल्यावर काचा पुसायचे काम सुटेल, एवढीच तिची अपेक्षा होती. ते काम रोजचे होते, ते आठवड्याचे झाले. हा फायदा नाही असे कोण म्हणेल?

बल्बचे बटन माजघरात होते, आजोबांच्या खाटेच्या उशाशी. रात्री साडेनऊला ते हात वर करून बटन बंद करीत आणि दोन्ही खोल्यांत एकदम अंधार होई. त्या वेळी आजी आणि आई बहुधा अजून झाकपाक करीत असत, उद्याच्या भाकरीसाठी पीठ चाळून ठेवीत असत, कुणाचे तरी जेवण मागाहून व्हायचे असे. मग चुलीच्या कोनाड्यातली रॉकेलची चिमणी पेटे. घरात वीज आल्यानंतरही निदान दहा वर्षे आमच्या स्वयंपाकघरातले शेवटचे तासभर काम रॉकेलवर चाले, आणि त्याची कुणाला खंत वाटल्याचे मला आठवत नाही. आजोबा दुष्ट नव्हते. त्यांना वीजबिलाची भीती होती, आणि दिव्याची गरज ज्याला बसून काही वाचायचे आहे त्याला असते, अशी त्यांची समजूत होती. उभ्याने, ओणव्याने किंवा उकिडवे बसून जे काम होते त्याला उजेड लागतो, हे त्यांच्या मनात कधी आले नसावे.

आमचे गाव चिपळूणच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. विजेची ओळख आम्हाला नव्हती असे म्हणता येणार नाही, कारण घाटावरचे कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून इकडे खाली आणून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जी वीज १९६२ पासून तयार होऊ लागली, ती तयार होण्याची जागा आमच्याच तालुक्यात होती. कोयना ही मूळची कृष्णेला मिळणारी नदी. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर ती कृष्णेला भेटते आणि तिचे पाणी पूर्वेच्या समुद्राकडे जाते. धरण बांधून त्यातले पुष्कळसे पाणी पश्चिमेला वळवले गेले, जनित्रे फिरवून झाल्यावर ते वाशिष्ठीत सोडले गेले, आणि उन्हाळ्यात आटणारी आमची नदी बारमाही झाली. म्हणजे कोयनेने आम्हाला पाणी दिले ते आधी, आणि दिवा दिला तो नंतर. पोफळीहून निघालेले उंच मनोरे आमच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, मुंबईकडे गेले होते. गुरे चारायला गेलो की आम्ही मुले मनोऱ्याच्या पायाशी बसून वरच्या तारांचा गुणगुणाट ऐकत असू, आणि घरी परतल्यावर कंदिलाच्या उजेडात पाढे म्हणत असू. यात काही विसंगती आहे असे तेव्हा कुणालाच वाटत नव्हते. उंच तारेतली वीज घरात घेता येत नाही, तिला आधी ट्रान्सफॉर्मरमधून उतरवावे लागते, हे कळायला शाळेतली विज्ञानाची इयत्ता गाठावी लागली. आणि उतरवण्याचा खर्च कुणासाठी करायचा हा प्रश्न विज्ञानाचा नसतो, हे त्याच्याही नंतर कळले.

मुंबईची गरज भागवण्यासाठी सह्याद्रीच्या पाण्याची वीज करणे ही तशी जुनीच रीत. खोपोलीचे टाटांचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले ते मुख्यतः मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी, आणि पुढे मुळशीच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, ज्यात सेनापती बापट पुढे होते. त्या गिरण्यांत काम करायला आमच्याच पट्ट्यातली माणसे गेली. माझे काका परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे माग, सांभाळीत. आमच्या डोंगरातल्या पाण्याची वीज मुंबईला जाई, तिच्यावर चालणाऱ्या गिरणीतला काकांचा पगार मनिऑर्डरने गावी येई, आणि त्याच मनिऑर्डरमधून आमच्या घराचे वायरिंग झाले. म्हणजे वीज आमच्या घरी आली ती मुंबईचा फेरा घालून आणि काकांच्या घामातून आली, असे मी गमतीने म्हणतो. घरात कुणी फारसे हसत नाही, कारण १९८२ चा संप काकांच्या वाट्याला आला होता.

सरकारदरबारी मात्र आमचे गाव १९७६ च्या आधीच प्रकाशात आलेले असू शकते, किंवा त्याच्या पुष्कळ नंतरही ते अर्धे अंधारात असूनही प्रकाशित धरले गेलेले असणार. १९९७ पर्यंतची व्याख्या अशी होती की, गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकृत समजावे. कोणत्याही कामासाठी, म्हणजे शिवारातल्या एका पंपालाही. ही व्याख्या करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. साठच्या दशकातल्या दुष्काळांनी देश हादरलेला होता, धान्य पिकवायचे होते, आणि १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले तेव्हा खेड्यातल्या विजेचे पहिले गिऱ्हाईक म्हणून पंप डोळ्यांपुढे होता. घरातला दिवा ही त्या मानाने चैनच होती. १९९७ मध्ये 'महसुली हद्द' जाऊन 'वस्ती' आली. पुढे २००४ पासून शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागा आणि गावातली किमान दहा टक्के घरे, असा निकष लागू झाला. दहा टक्के घरे, म्हणजे शंभर घरांच्या गावात नव्वद घरी कंदील असला तरी कागदावर दिवे लागलेले.

२८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरच्या सेनापती जिल्ह्यातले लेईसांग हे गाव जोडले गेले आणि देशातल्या सर्व ५,९७,४६४ गावांत वीज पोहोचली, असे जाहीर झाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईच्या डोळ्यांसमोरच्या घारापुरी बेटावर, समुद्राच्या तळाशी सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून वीज नेण्यात आली. हजारो पर्यटक दिवसा ज्या बेटावर लेणी पाहून येत, तिथली माणसे तोवर संध्याकाळी काही तास चालणाऱ्या जनरेटरवर दिवस काढीत होती, आणि समोर रात्रभर मुंबई झगमगत असे. आमच्या सड्यावरच्या मनोऱ्याची आठवण मला ती बातमी वाचताना झाली. एकूण योजनांमध्ये मला खरा बदल वाटतो तो घरोघरी वीजजोडणी देण्याच्या २०१७ च्या सौभाग्य योजनेत, कारण तिथे निदान मोजणी गावाऐवजी घराची सुरू झाली. घराच्या आत शिरून कोणत्या खोलीत दिवा आहे हे मोजणारी योजना अजून निघालेली नाही, आणि ती निघावी अशी माझी मागणीही नाही. पण पुढचे मोजमाप तिथे आहे, एवढे मात्र मी भिंतीतल्या बल्बवरून सांगू शकतो.

आमच्या गावापुरते सांगायचे तर खांब आधी गावठाणात आले, मग खालच्या वाडीत, मग बौद्धवाडीत, आणि डोंगराच्या कुशीतल्या धनगरवाड्यात ते पोहोचेपर्यंत माझे लग्न होऊन मला मुलेही झाली होती. चढण अवघड होती, घरे थोडी होती, ही कारणे खरीच होती. पण खालच्या वाडीतला शेवटचा खांब आणि धनगरवाड्याची वाट यांच्यामध्ये जे अंतर होते, ते त्या वाडीतल्या बायका डोक्यावर दुधाच्या कासंड्या घेऊन रोज दोनदा तुडवीत होत्या. खांबांना ते जमायला वीस वर्षे लागली.

आता विजेने काय बदलले ते. घरात दिवा आला तेव्हा आजीने हात जोडले, तसे ती पुढे आयुष्यभर बटन दाबल्यावर जोडीत राहिली, पण तिच्या आयुष्यात खरा फरक पडला तो दिव्याने नाही. तो पडला दोन वर्षांनी गावात विजेची पिठाची गिरणी आली तेव्हा. त्याआधी बाजाराच्या गावी इंजिनाची गिरणी होती, पण ती दोन कोस लांब, म्हणून रोजचे नाचणीचे दळण घरच्या जात्यावरच असे, आणि भात वायनात मुसळाने सडले जाई. पहाटे चारला आजी आणि आई जात्यापाशी समोरासमोर बसत, आणि मला जाग यायची ती त्या घरघरीने. जात्याबरोबर ओव्या गेल्या म्हणून हळहळणारे पुष्कळ लेख मी वाचले आहेत. त्यांतला एकही, रोज पहाटे जाते ओढलेल्या बाईने लिहिलेला मला आढळला नाही. आजीच्या उजव्या तळव्यावर बोटांच्या मुळाशी चार घट्टे होते. गिरणी आल्यानंतर त्यांतले दोन पुसट झाले आणि दोन ती जाईपर्यंत राहिले. पहाटेचे ते दोन तास तिला परत मिळाले, असे म्हणताना थोडे थांबावे लागते, कारण त्यांतला काही वेळ झोपेला मिळाला आणि उरलेला गोठ्याने घेतला. दळण गिरणीत नेण्याचे काम माझ्याकडे आले. खांद्यावर डबा घेऊन रांगेत उभे राहायचे, पट्ट्याचा फटफटाट ऐकायचा, भुवया पांढऱ्या करून परत यायचे. बायांच्या कामाचा थोडासा भाग अशा रीतीने पुरुषांकडे गेला, निदान तेरा-चौदा वर्षांच्या पुरुषांकडे.

अभ्यासाला उजेड मिळाला म्हणून खेड्यातली मुले शिकली, हे वाक्य भाषणात शोभून दिसते. मी शिकलो तो शाळेत चांगले गुरुजी होते म्हणून आणि काका फी भरीत होते म्हणून. बल्बमुळे इतकेच झाले, की कंदिलाभोवती डोकी एकत्र आणून वाचताना एकमेकांचे केस जळायचे थांबले.

कंदिलाभोवतीच्या त्या एकत्र बसण्याबद्दलही माझे मत जरा वेगळे आहे. एका दिव्याभोवती सगळे घर गोळा व्हायचे, शुभंकरोती व्हायची, गोष्टी व्हायच्या, आणि वीज आली, खोलीखोलीत दिवे झाले, मग टीव्ही आला आणि घर विस्कटले, असे आमच्या पिढीतले लोक नेहमी सांगतात. पण आम्ही एकत्र बसत होतो ते रॉकेल रेशनवर मिळे म्हणून. एकाच कंदिलाला परवानगी होती. आणि त्या वर्तुळात आई आणि आजी नसत, त्या चुलीच्या जाळाच्या उजेडात असत. घर एकत्र असल्याची जी आठवण मी इतकी वर्षे जपली, तिच्यात घरातल्या दोन बायका नाहीत, हे माझ्या लक्षात यायला पन्नाशी उलटावी लागली.

१९९३ मध्ये घराचे वायरिंग नव्याने केले. आजोबा आणि आजी दोघेही तोवर गेले होते. जुन्या लाकडी पट्ट्या काढल्या, प्लास्टिकच्या नळ्या आल्या, माजघरात ट्यूब लागली. वायरमनने कुठे कुठे पॉइंट हवेत असे विचारले, तेव्हा आई पुढे आली. आमच्या घरात बाहेरच्या माणसाशी व्यवहाराचे बोलण्याची ती तिची पहिली वेळ असावी. तिने त्याला चुलीपाशी नेले, डोक्यावर हात वर करून जागा दाखवली आणि म्हणाली, "दिवा इथे. आणि बटन इथे, माझ्या हाताशी. माजघरात नको." बोर्डावर तिने दोन जादा प्लगही घ्यायला लावले. एकात मिक्सर आला. दुसरा पुष्कळ दिवस मोकळा होता, तो कशाला ठेवलास असे विचारले तर म्हणायची, "असू दे."

मिक्सरने पाटा-वरवंटा अंगणात गेला. त्याबरोबर असेही झाले की जे वाटण पूर्वी सणावारी व्हायचे ते रोजच्या आमटीत अपेक्षित होऊ लागले, आणि वाटायला आता कुठे वेळ लागतो, असे आम्हीच म्हणू लागलो. काकू ट्यूबच्या उजेडात रात्री अकरापर्यंत ब्लाउज शिवू लागली. तिच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले ते तेव्हाच, आणि तिला चष्माही तेव्हाच लागला. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या खेड्यांत वीज गेल्यावर बाहेर कामाला जाणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले, असे तिथल्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसले होते. पण तिथे घराघरांतले रांधणेच लाकडावरून विजेवर गेले होते. आमच्याकडे वीज चुलीपर्यंत कधी पोहोचलीच नाही. चूल हटवली ती सिलिंडरने, आणि तीही पुरती हटलेली नाही. आंघोळीचे पाणी अजून लाकडावरच तापते.

विजेचे जे काम बायांना सगळ्यात मोलाचे वाटले, ते मला वाटते, पाण्याचे. विहिरीवर मोटार बसली, घरावर टाकी चढली, आणि एका पिढीच्या कमरा वाचल्या. भारनियमनाच्या वर्षांत, २००५ नंतर, वीज जायच्या वेळा घरातल्या बायकांना तोंडपाठ असत. पुरुषांना क्रिकेटच्या सामन्याच्या वेळी तेवढे कळे.

त्याचा पुरावा मला २०२० साली मिळाला. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली तालुक्यातल्या मावशीच्या गावी माडपोफळींबरोबर विजेचे खांबही ओळीने झोपले, आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ वीज नव्हती. पंधरा दिवसांनी मी पोहोचलो तेव्हा दिव्यांची तक्रार कुणीच केली नाही. मेणबत्त्या होत्या, मोबाइल चार्ज करायला कुणाच्या तरी गाडीची बॅटरी होती. तक्रार होती ती दोराची. मोटार बसल्यावर विहिरीवरचा रहाट काढून टाकलेला, लोखंड भंगारात गेलेले, आणि आख्ख्या घरात विहिरीच्या तळापर्यंत पोहोचेल असा दोर नव्हता. गोठ्यातली तीन दावी एकमेकांना बांधून काम भागवलेले होते. मावशीच्या सुनेने पहिल्या दिवशी बादली सोडली ती पाण्यावर नुसती तरंगत राहिली, कारण बादलीला बुडवण्यासाठी दोराला हिसडा द्यावा लागतो, हे तिला कुणी कधी दाखवायची वेळच आली नव्हती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मावशीने काठावर उभे राहून मनगटाचा तो हिसडा तिला तीनदा करून दाखवला.

वीज आली ती भर दुपारी, असे मावशीने नंतर फोनवर सांगितले. बाहेर ऊन होते, त्यामुळे एकही दिवा लागलेला दिसला नाही. सुनेला फ्रिजचा आवाज ऐकू आला, तशी ती हातातले काम टाकून पडवीत धावली आणि तिने मोटारीचे बटन दाबले. टाकी भरून वाहायला लागली तरी तिने ती बंद केली नाही. दिवे लागतात की नाही हे पाहायचे कुणाला सुचले, ते दिवेलागणीला.